वॉर्ड नऊच्या पार्षदाचं मत

आमलीखेडा, जिल्हा धार
६ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप आत्याबाई,

वाकून नमस्कार. फोन सोडून पत्र का लिहितेय ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही घाबरून देवासहून पहिली बस पकडाल. माझा फोन तुमच्या भाच्याच्या खिशात असतो. तीन वर्षांपूर्वी आमचा वॉर्ड क्रमांक नऊ बायकांसाठी राखीव झाला, ह्यांनी मला उभं केलं, मी निवडून आले, आणि माझा नंबर 'पार्षदांचा नंबर' म्हणून गावभर छापला गेला. तेव्हापासून फोन ह्यांच्याकडे. लोक मला फोन लावतात, हे उचलून म्हणतात, "हां, पार्षद बोल रहा हूं." नगर परिषदेच्या बैठकीला हे जातात, खुर्चीत हे बसतात, माझ्या सह्याही हेच करतात. निकालाच्या दिवशी गुलाल तेवढा माझ्या अंगावर पडला. पत्राला मात्र धोका नाही. ह्यांची सगळी शाळा हिंदीतली. मराठी हस्ताक्षर दिसलं की दुसऱ्या ओळीला जांभई देतात.

आता कारण. परवाच्या मंगळवारी आठवड्याच्या हाटात सावित्रीबाई टोपलीवरच आडवी झाली. बारा वर्षं मी तिच्याकडून लसूण आणि मेथी घेते. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, लघवीचं इन्फेक्शन आहे, अंगात पाणी नाही, भरपूर पाणी पीत जा. ती म्हणाली, "पिऊन जाऊ कुठं, साहेब?" डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. मग मी हाटात विचारत फिरले. सत्तर-ऐंशी बायका बसतात तिथे. पहाटे गावाहून निघतात, अंधार पडल्यावर घरी पोचतात आणि दिवसभर पाण्याचा घोट घेत नाहीत, कारण बायकांनी जायचं तर आडोसाच नाही. पुरुषांना अख्खी भिंत आहे. मी ह्या वॉर्डाची पार्षद आणि मला हे माहीत नव्हतं. खूप लाज वाटली, आत्याबाई.

हाट मैदानाच्या कडेला, नळाजवळ, परिषदेची मोकळी जागा आहे. तिथे बायकांसाठी शौचालय सहज होईल. पण यंदाच्या योजनेत त्याच जागी सेल्फी पॉइंट धरलाय. 'आय लव्ह आमलीखेडा' अशी माणसाएवढी लाल अक्षरं, संध्याकाळी पेटणारी.

तुम्ही तेहतीस वर्षं नगरपालिकांच्या कचेऱ्यांत काढलीत. मला एवढंच सांगा, पार्षदाला एखादं काम करून घ्यायचं असलं तर ती काय करते?

तुमची
नीरजा

देवास
११ फेब्रुवारी

चि. नीरजा,

तुला आशीर्वाद, योगेंद्रला सध्या नाही.

मी नोकरी तीन गावांत केली. त्यांची नावं घेणार नाही, आणि तूही विचारू नकोस. पण घडी सगळीकडे एकच असते. नगर परिषद म्हणजे एकत्र कुटुंब समज. पंधरा वॉर्डांचे पंधरा पार्षद, ही घरची माणसं. त्यांतली एक अध्यक्ष, ती सासू. तिच्या मर्जीतले चार-सहा जण वेगळे बसून सगळं आधीच ठरवतात, त्याला प्रेसिडेंट-इन-कौन्सिल म्हणतात. स्वयंपाकघरातली कुजबुज म्हटलंस तरी चालेल. मुख्य नगरपालिका अधिकारी, ज्याला तुम्ही सीएमओ म्हणता, तो सरकारने पाठवलेला जावई. येतो, मान घेतो, बदली झाली की जातो. उपयंत्री नकाशा काढतो, लेखापाल पैसा नाही म्हणतो, आणि घर चालवतो तो कोपऱ्यातला बाबू. मी ती कोपऱ्यातली बाबू होते, म्हणून सांगते: तोंडी सांगितलेलं काम वाऱ्यावर जातं. कागद दे.

अर्ज लिही. विषय एका ओळीत. 'कृपया' एकदाच, जास्त वेळा लिहिलं की त्यांना वाटतं घाई नाही. आवक शाखेत देऊन शिक्का मारून घे, शिक्क्याखाली नंबर पडला आहे ना ते बघ, आणि झेरॉक्स जपून ठेव. नंबर पडलेला कागद कुणाच्या बापाला गिळता येत नाही. वर्षाची कामं मंजूर करायची बैठक होण्याआधी तो सरकला पाहिजे, मग तुझं शौचालय योजनेत बसलंच म्हणून समज.

सावित्रीबाईंना औषध पुरं घ्यायला लाव.

अक्का आत्या

आमलीखेडा
३ मार्च

तीर्थस्वरूप आत्याबाई,

कागद गिळता आला नाही, हे खरं. पण जे झालं त्याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

तुम्ही सांगितलं तसा अर्ज दिला. खाली नाव लिहिलं, नीरजा शितोळे. शिक्का, नंबर, सगळं झालं. अर्ज सीएमओ साहेबांकडे गेला. त्यांचं नाव अंशुल, वय माझ्या धाकट्या भावाएवढं, स्वभावाने सरळ. त्यांनी तो उपयंत्र्याकडे पाठवला. उपयंत्र्याने जागा पाहून शेरा दिला, जागा योग्य आहे, तरी रीतीप्रमाणे संबंधित वॉर्डाच्या पार्षदाचं मत घ्यावं. म्हणून माझा अर्ज मत द्यायला माझ्याकडेच आला. म्हणजे ह्यांच्याकडे. ह्यांनी चहाच्या टपरीवर बसून त्यावर लिहिलं, 'आवश्यकता नहीं. स्थल सेल्फी पॉइंट हेतु प्रस्तावित है.' आणि खाली माझी सही ठोकली. माझी सही ते माझ्यापेक्षा चांगली करतात.

काल शिपाई गणपत दोन लिफाफे घेऊन आला. एक अर्जदार म्हणून मला: वॉर्ड पार्षद श्रीमती नीरजा शितोळे यांचं मत प्रतिकूल असल्यामुळे आपला अर्ज निकाली काढला आहे. दुसरा पार्षद म्हणून मला: आपल्या मतानुसार अर्जदार श्रीमती नीरजा शितोळे यांना कळवलं आहे. दोन्हींची पोच घेतली त्याने. मी दोनदा सही केली.

ह्यांना विचारलं तर चकित झाले. "तो तुझा अर्ज होता? अर्जदाराचं नाव कोण वाचतं? मी विषय वाचतो." मग म्हणाले, "घरात सांगायचंस ना!" तीन आठवडे घरातच सांगत होते हो.

आता मी स्वतःच्याच विरुद्ध कुठे दाद मागू?

नीरजा

देवास
८ मार्च

चि. नीरजा,

पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारची अक्षदा काय झालं म्हणून बघायला आली. मग तिला वाचून दाखवायला लागले आणि निम्म्यावर माझं हसू थांबलं.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली होती. राहिली कसली, लपवली होती. मी आधी टाइपरायटरवर आणि मग कॉम्प्युटरवर शेकडो बैठकांची कार्यवाही उतरवली. 'पार्षद श्रीमती अमुक उपस्थित. श्रीमती तमुक यांनी अनुमोदन दिले.' आणि समोर खुर्चीत बसलेला असायचा मिशीला पीळ देणारा तिचा नवरा. मला दिसत होतं. मी मान खाली घालून टाइप करायची. घरी येऊन मुलांना खरं बोला म्हणून शिकवायची. एकदाही विचारलं नाही, की ही बाई कुठे आहे? तुझ्यासारख्या किती जणींना मी माझ्या हातांनी कागदावर हजर केलं असेल! आज इथल्या चौकात महिला दिनाचा गुलाब दिला कुणीतरी मला. घरी आणून पाण्यात ठेवला, पण त्याच्याकडे बघवेना.

तेव्हा अर्ज पुरे झाले. ती खुर्ची तुझी आहे, जाऊन बस. योगेंद्र आडवा आला तर मला कळव, त्याचा कान अजून माझ्या हाताला ओळखतो.

अक्का आत्या

आमलीखेडा
२० मार्च

तीर्थस्वरूप आत्याबाई,

कान राहू द्या. हे आडवे आलेच नाहीत. मी म्हटलं बैठकीला मी जाते, तर हे हसले, मला पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "तिथे काय ठेवलंय? शिव्या, गुटखा आणि बंद पंखा. तुला कशाला तो त्रास?" वर म्हणाले, "मी करतोय ना तुझ्यासाठी." आत्याबाई, माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

मग मी बाकीच्या जणींकडे गेले. तुम्हाला सांगते, पंधरा पार्षदांत आम्ही आठ बायका आहोत. बहुमत आमचं! आणि आठही जणी घरात पोळ्या लाटतोय. अध्यक्ष तर यमुनाबाईच, पण गावात सगळे अध्यक्षजी म्हणतात ते त्यांच्या यजमानांना, भैयासाहेबांना. यमुनाबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, आणि म्हणाल्या, "ह्यांना विचारून सांगते." आतल्या खोलीतून भैयासाहेबांचा आवाज आला, "नाही म्हणून सांग!" विचारायचीही तसदी वाचली.

मी हरले. सावित्रीबाई दोन मंगळवार झाले पुन्हा हाटात बसते. पाणी पितेस का विचारलं तर मेथीची जुडी नीट करत बसते.

निदान चैत्रातलं हळदीकुंकू तरी धड करावं म्हणते. घराचं रंगकाम काढलंय म्हणून ह्यांनी परिषदेचं सभागृहच घेऊन दिलं. मी बैठकीचं खूळ सोडून हळदीकुंकवाला लागले म्हणून इतके खूश झाले, की स्वतः जाऊन पावती फाडून आणली. १६ एप्रिल, दुपारी बारा ते तीन. आठही जणी येतायत. हळदीकुंकवाला कुणाचेच यजमान नाही म्हणत नाहीत, आणि आमच्यातल्या मालवी बायकांना तर त्याची फार हौस. दुर्दैवाने त्याच दिवशी तीन वाजता तिथेच परिषदेची बैठक आहे, वर्षाच्या कामांची. त्यामुळे घाईघाईने आवरावं लागणार.

नीरजा

देवास
२५ मार्च

नीरजे,

'दुर्दैवाने' म्हणे!

साठ वर्षांत वेळेवर संपलेलं हळदीकुंकू मी पाहिलेलं नाही. तू नवीन पायंडा पाडू नकोस. तीन वाजता बायकांनी भरलेल्या खोलीत आपल्याकडचा कोणता पुरुष शिरणार आहे? दाराशी चपला बघूनच तो मागे फिरतो. मग आत कोण कोण उरतं, ते बोटांवर मोज.

आता नीट वाच. कोरमला किती डोकी लागतात ते गणपतकडून काढून घे. शिपायाला सगळं ठाऊक असतं. यमुनाबाईंची ओटी अध्यक्षांच्या खुर्चीतच बसवून भर. अजेंड्यावर शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने इतर विषय' अशी ओळ असतेच, तुझं काम त्या ओळीतून आत जाईल. ठराव लेखी तयार ठेव. आणि तीनच्या ठोक्याला सीएमओला आत बोलाव, कार्यवाहीचं रजिस्टर घेऊन. जावयाला पन्हं दिलं म्हणून कुठलं व्रत मोडत नाही.

डाळ भरपूर कर. कैरी आंबटच घे, तिथली गोडसर निघते. बाहेरच्यांनाही पाठव, माणूस खाताना भांडत नाही.

अक्का आत्या

आमलीखेडा
१७ अप्रैल

आदरणीय आत्या,

पाय लागू. मराठीत लिहितोय, गलती झाली तर माफ कर. फोनवर बोललो असतो, पण घरात ऐकू जातं. वातावरण ठीक नाही.

काल नीरजाने सभागृहात हळदीकुंकू ठेवलं होतं. मीच पावती फाडून दिली होती, मूर्ख मी. तीनला आमची बैठक. आम्ही पावणेतीनला पोचलो. बरामद्यात पन्नास-साठ चपला. आतून हसण्याचे आवाज, अत्तराचा वास. भैयासाहेबांनी गणपतला विचारलं, "कितना टाइम?" तो म्हणाला, "बस, ओटी चालू आहे." आम्ही थांबलो. सव्वातीन झाले. भैयासाहेब दाराशी जाऊन एकदा "यमुना!" म्हणाले. आत सगळं एकदम शांत झालं, ते घाबरून परत आले.

आत्या, आम्ही आठ जण यजमान होतो, ते सोड. पण सात जण असली पार्षद होते, पुरुष वॉर्डांचे. त्यांना तर हक्क होता! पण ते "भिया, तू पहले जा", "नहीं भिया, तू जा" करत राहिले. एकाने हिंमत करून पडदा सरकवला, आतून कुणीतरी त्याला कुंकू लावायला बोट पुढे केलं, तो उलट्या पावलांनी बाहेर. मग गणपत सगळ्यांसाठी पन्हं आणि डाळ घेऊन आला, "आतून पाठवलंय." आणि अंशुल साहेबांना म्हणाला, "सर, आपको रजिस्टर लेके बुलाया है." आम्हाला वाटलं, हॉल खाली करतायत, त्याच्या सहीसाठी असेल. डाळ चांगली होती, खोटं कशाला बोलू.

सव्वाचारला साहेब बाहेर आले. कपाळाला कुंकू, मनगटाला अत्तर. म्हणाले, "बैठक हो गई."

भैयासाहेब म्हणाले, "कौन सी बैठक?"

"परिषद की. कोरम पूरा था."

आत्या, सेल्फी पॉइंट गेला. त्या जागी लेडीज सुलभ होणार. चौकात लोक मला विचारतात, भिया, आता तुम्ही कोण? आज सकाळी तिने माझ्या खिशातून तिचा फोन काढून घेतला. तू तिला समजव. ती तुझं ऐकते.

तुझा
योगेंद्र

आमलीखेडा
२० एप्रिल

तीर्थस्वरूप आत्याबाई,

झालं!

बाहेरचं तुम्हाला कळलं असेलच, ह्यांनी लिफाफा लपवून पेटीत टाकलेला मी पाहिला. आतलं सांगते. यमुनाबाईंना अध्यक्षांच्या खुर्चीत बसवलं तर त्या कडेला टेकून बसल्या, कुणी येऊन उठवेल अशा. मी ओटी भरली. अंशुल साहेब आत आले, बायका बघून लाल झाले. मी पन्हं दिलं आणि म्हटलं, सर, तीन वाजून गेले, बैठक सुरू करू या. त्यांनी आमच्याकडे एक-एक करून पाहिलं, रजिस्टर उघडलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, आपका नाम? आज तक देखा नहीं ना." तीन वर्षांत पहिल्यांदा आम्हा आठ जणींना आमची नावं विचारली गेली. प्रत्येकीने आपलं नाव सांगितलं आणि आपल्या हाताने सही केली. वॉर्ड चारच्या नेहाची सही रजिस्टरातल्या जुन्या सहीशी जुळेना. साहेब म्हणाले, "यही सही मानेंगे."

कामांची यादी वाचली. नाल्या, दिवे, दोन रस्ते, सगळं मंजूर केलं. मग माझा विषय. मी उभी राहून सावित्रीबाईचं दवाखान्यापर्यंतचं सांगितलं. पुढचं यमुनाबाई बोलल्या. त्यांची आई लोहारद्याच्या बाजारात भाजी विकायची, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. "माझी आई अशीच गेली," म्हणाल्या. "मूत्रपिंडं खराब होऊन. आम्ही लोकांना ताप सांगायचो, लाज वाटायची म्हणून." मग खुर्चीत मागे सरकून नीट बसल्या आणि म्हणाल्या, "लिहा, सर्वानुमते." आठही हात वर. काही हातांत अजून डाळीचे द्रोण होते.

हे रुसलेत. मी जेवायला वाढते, ते जेवतात, एवढंच. वाईट वाटतं, आत्याबाई. पण फोन नाही देणार.

नीरजा

देवास
२४ एप्रिल

योगेंद्र,

तुझं पत्र मिळालं. मराठी पुष्कळ बरी आहे, तेव्हा यापुढे घरात आलेली मराठी पत्रं वाचायला हरकत नाही.

तू विचारलंस, आता तुम्ही कोण? पार्षदाचा नवरा. त्यात कमीपणा काही नाही. तुझ्या काकांना, मल्हाररावांना, जन्मभर सगळे 'अक्कांचे यजमान' म्हणायचे, आणि ते ओ द्यायचे.

नीरजाला मी समजावणार नाही, कारण डाळीची युक्ती माझीच होती. रागव माझ्यावर. पण आधी हे कर: ठराव झाला म्हणजे काम झालं असं नाही. निविदा, ठेकेदार, विटा, मोरीचा उतार, दरवाजाला आतून कडी, ह्या सगळ्याच्या मागे कुणीतरी रोज उभं राहावं लागतं. ठेकेदाराशी भांडायला तुझ्याइतका तरबेज माणूस अख्ख्या आमलीखेड्यात नाही. नीरजा बैठकीत बोलेल, तू बांधकामावर बोल. शिव्या देता येतात तर त्या योग्य जागी दे.

तुझी आत्या

आमलीखेडा
२४ सप्टेंबर

तीर्थस्वरूप आत्याबाई,

काल मंगळवारी शौचालयाचं उद्घाटन होतं. ह्यांनी चार महिने ठेकेदाराला श्वास घेऊ दिला नाही; दरवाजाची कडी दोनदा बदलायला लावली, स्वतः आत कोंडून घेऊन तपासली. परवा चौकात कुणी पार्षदजी म्हणून हाक मारली तर म्हणाले, "वो घर पे है, बुलाऊं?"

हाटाचाच दिवस ठरला, म्हणून मंडप घातला, लाल फीत बांधली. धारहून मोठे पाहुणे अकराला येणार होते. बारा वाजले तरी पत्ता नाही. मंडपात सगळी परिषद बसलेली, ह्या वेळी आठही जणी आपापल्या खुर्चीत. साडेबाराला सावित्रीबाई डोक्यावर टोपली घेऊन आली. फितीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अजून किती वेळ, बाई?"

मी म्हटलं, पाहुणे वाटेत आहेत.

"मला नाही थांबवत," ती म्हणाली. टोपली माझ्या हातात दिली, फीत वर उचलली आणि वाकून आत गेली.

तिच्यामागे कांदेवाली गेली, मग मिरचीवाली, मग रांगच लागली. माझ्या पायाशी टोपल्याच टोपल्या. भैयासाहेब मंडपातून धावत आले, "अरे, उद्घाटन बाकी है! कोई रोको इनको!" यमुनाबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं, अध्यक्ष अडवायला निघाल्या. त्यांनी साडीचा पदर खोचला, रांगेत उभ्या राहिल्या, आणि पाळी आली तशी फीत उचलून आत गेल्या.

पाहुणे दोन वाजता आले. फीत तोवर बाहेर येणाऱ्या बायकांच्या धुतलेल्या हातांनी लोंबून ओली झाली होती. त्यांनी ती कापली, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. आजच्या पेपरात आलाय, कात्रण पाठवते. त्यात मला शोधू नका. मी तेव्हा सावित्रीबाईच्या जागी बसून लसूण विकत होते. सकाळपासून पोटभर पाणी प्यायलीय म्हणाली, आणि दुसऱ्यांदा गेली होती.

तुमची
नीरजा